खोलीच्या हीटरला प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट: जोडणीपासून वेळापत्रकापर्यंत

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर पारा एक अंकी आकड्यावर आला की नाशकातही हीटरची चौकशी सुरू होते. अलीकडे हीटरसोबत भिंतीवरचा प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटही लोक मागवू लागले आहेत. पण तो बसवल्यावर तक्रारी ठरलेल्या येतात. पहाटे खोली गारच असते, हीटर रात्रभर चालूच राहतो, शनिवारी वेळापत्रक बिघडतं, वीज जाऊन आली की सगळं बंद पडतं. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ यंत्रात नसतं. लोक डबा उघडल्या उघडल्या प्रोग्रॅम लावायला बसतात आणि त्याच्या आधी करायची कामं राहून जातात. म्हणून या लेखात प्रोग्रॅम सातव्या टप्प्यावर येतो. तिथे उडी मारू नका, क्रमानेच चला.

हे सगळं तेल भरलेल्या रेडिएटर हीटरसाठी आहे. दुकानात त्याला ‘ओएफआर’ किंवा ‘ऑइल हीटर’ म्हणतात. थर्मोस्टॅट भिंतीवर कायमचा बसवायचा आणि त्याने हीटरचं १६ अँपिअरचं सॉकेट चालू-बंद करायचं, अशी ही मांडणी आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. थर्मोस्टॅट हा खोलीचं तापमान पाहून चालणारा स्विच आहे. इस्त्रीचा दिवा जसा पेटतो आणि विझतो, तसाच तो हीटर चालू आणि बंद करतो, एवढंच. २० ऐवजी २८ अंश लावल्याने खोली लवकर तापत नाही. हीटर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त उशिरा बंद होतो. थंडी जास्त वाटली की आकडा वर चढवत नेणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक.

## टप्पा १: हीटर या कामाचा आहे का?

थर्मोस्टॅट हीटरला आपोआप चालू करणार. त्या वेळी तुम्ही झोपलेले असाल किंवा दुसऱ्या खोलीत असाल. म्हणून पहिला प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

लाल दिसणाऱ्या कांडीचे हीटर, म्हणजे क्वार्ट्झ, हॅलोजन किंवा उघड्या कॉइलचे, या कामासाठी वापरू नका. त्यांच्या माहितीपुस्तिकेत सहसा स्पष्ट लिहिलेलं असतं की टायमर, प्रोग्रॅमर किंवा हीटर आपोआप चालू करणाऱ्या कोणत्याही उपकरणासोबत हा वापरू नये. कारण सरळ आहे. पहाटे पावणेपाचला हीटर चालू होताना त्यावर रजई सरकलेली असेल, तर ती पाहायला कोणी जागं नसतं. तुमच्या तेलाच्या हीटरच्या पुस्तिकेतही अशी सूचना असू शकते. ती शोधून वाचा. सूचना असेल तर बाहेरचा थर्मोस्टॅट नको. मग प्रोग्रॅमची सोय आतच असलेला हीटर घ्या.

दुसरी तपासणी बटणांची. हीटरला हाताने फिरवायचा नॉब आणि साधे वर-खाली होणारे स्विच असले पाहिजेत. डिजिटल पडदा आणि रिमोट असलेले अनेक हीटर वीज जाऊन परत आली की बंद स्थितीत थांबतात आणि कोणीतरी बटण दाबेपर्यंत सुरू होत नाहीत. भिंतीवरचा थर्मोस्टॅट नेमका वीज तोडूनच काम करतो. म्हणजे असा हीटर पहिल्यांदा बंद झाला की कायमचाच बंद. पहाटे खोली गार असण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

तपासा: हीटर चालू करा, भिंतीवरचा स्विच बंद करून एका मिनिटाने पुन्हा चालू करा. काहीही न दाबता हीटर तापायला लागला, तरच पुढे जा.

तिसरी तपासणी पडण्याची. हीटर कलंडला की आपोआप बंद होणारा स्विच त्यात असावा, आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारी सोयही असावी. या दोन गोष्टी खोक्यावर किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या असतात.

सावधान: ज्यांना स्वतःहून खोलीबाहेर जाता येत नाही, म्हणजे तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती, त्यांना थर्मोस्टॅटच्या भरवशावर बंद खोलीत एकटं ठेवू नका. रिले, म्हणजे थर्मोस्टॅटमधला वीज जोडणारा-तोडणारा भाग, चिकटून हीटर बंदच झाला नाही, अशीही वेळ येऊ शकते. शेजारच्या खोलीत कोणीतरी असावं, आणि रात्री एकदा उठून पाहावं.

## टप्पा २: घराचा भार आणि वायरिंग

२००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, २५०० वॉटचा सुमारे १०.९. पंखा जोडलेल्या काही मॉडेलमध्ये पंख्यासोबतची कॉइल धरून एकूण २९०० वॉट होतात, म्हणजे सुमारे १२.६ अँपिअर. हा आकडा हीटरच्या मागच्या पट्टीवरून लिहून घ्या आणि मगच थर्मोस्टॅट मागवा.

खरेदीतली मोठी चूक इथेच होते. एकसारखे दिसणारे भिंतीवरचे थर्मोस्टॅट दोन-तीन प्रकारांत येतात. एक ३ अँपिअरचा असतो. तो परदेशातल्या गरम पाण्याच्या पाइपांच्या किंवा बॉयलरच्या व्यवस्थेसाठी. दुसरा १६ अँपिअरचा, विजेच्या हीटरसाठी. चित्र तेच, पडदा तोच, किमतीत फारसा फरक नाही. ३ अँपिअरच्या थर्मोस्टॅटवर २००० वॉट टाकले तर रिले जळेल, आणि नुकसान तिथेच थांबेल असं नाही. मागच्या बाजूला छापलेला अँपिअरचा आकडा पाहिल्याशिवाय खोकं फोडू नका.

आता घराची बाजू. हीटरचं सॉकेट मोठ्या तीन पिनांचं, १६ अँपिअरचं हवं, त्याला वेगळी लाइन हवी, कमीत कमी २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर हवी, अर्थिंग खरंखुरं असावं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, असावा. सिडको आणि नाशिकरोडच्या जुन्या वसाहतींत, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या सोसायट्यांत झोपायच्या खोलीत बहुधा ६ अँपिअरचीच सॉकेट असतात. तिथे कन्व्हर्टर पिन लावून हीटर चालवू नका. एक्स्टेन्शन बोर्डही नको.

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो पाहा. पहाटे २ किलोवॉटचा गीझर आणि २ किलोवॉटचा हीटर एकत्र चालले तर ४ किलोवॉट, म्हणजे साधारण १७ अँपिअर होतात. त्यात कोणी इस्त्री लावली की मेन एमसीबी पडतो आणि घरात अंधार होतो. हे टाळण्याची जागा टप्पा ७ मध्ये आहे, पण आकडा आत्ताच माहीत असू द्या.

बिलाचंही एक गणित इथेच करून घ्या. २००० वॉटचा हीटर दिवसात प्रत्यक्ष ४ तास चालला तर ८ युनिट, महिन्याला २४०. घराचा नेहमीचा वापर १५० युनिट असेल तर एकूण ३९०. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, म्हणजे वरची ९० युनिट महागड्या टप्प्यात गेली. थर्मोस्टॅटचा खरा उपयोग ते चार तास तीनवर किंवा अडीचवर आणण्यात आहे.

## टप्पा ३: थर्मोस्टॅटची जागा

थर्मोस्टॅट स्वतःभोवतीच्या हवेचं तापमान मोजतो, तुमच्या अंथरुणाजवळचं नाही. या एका वाक्याकडे दुर्लक्ष झालं की पुढचं कितीही बारीक प्रोग्रॅमिंग वाया जातं.

जागा अशी निवडा:

- जमिनीपासून चार ते पाच फूट उंचीवर, आतल्या भिंतीवर. बाहेरची भिंत रात्री गार पडते आणि दिवसा उन्हाने तापते. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरमधल्या वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातलाही कोमट लागते. तिथे बसवलेला थर्मोस्टॅट खोली उबदार आहे असंच समजत राहील.
- हीटरपासून किमान पाच-सहा फूट लांब, आणि त्याच्या बरोबर वर तर मुळीच नाही.
- खिडकी, बाल्कनीचं दार, पडदा, कपाटाची मागची बाजू, टीव्ही आणि वायफायचं यंत्र यांपासून दूर.
- पलंगाच्या उशाशी जवळ असेल तर उत्तम, पण मच्छरदाणीच्या आत नाही.

जागा आणि वायरिंग जुळत नसेल तर बाहेरचा सेन्सर वापरा. १६ अँपिअरच्या अनेक मॉडेलसोबत लांब वायरीचा सेन्सर मिळतो. थर्मोस्टॅट सोयीच्या जागी बसवायचा आणि सेन्सरचं टोक योग्य जागी न्यायचं. सेन्सरची वायर विजेच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका, तिला वेगळा मार्ग द्या. माझ्या मते हीटरसाठी हीच मांडणी सगळ्यात चांगली. याचं कारण टप्पा ५ मध्ये येईल.

हीटरची जागाही आत्ताच ठरवा. सॉकेटच्या बरोबर खाली हीटर ठेवायचा नसतो, तो बाजूला हवा. पडदा, गादी आणि लाकडी कपाट यांपासून किमान एक मीटर अंतर ठेवा. आणि ओले कपडे त्यावर वाळत घालायचे नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. जानेवारीत स्वेटर आणि शाळेचे मोजे वाळत नाहीत, तेव्हा हा मोह हमखास होतो.

## टप्पा ४: बसवणी

हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. तुम्ही फक्त समोर उभं राहून चार गोष्टी पाहायच्या.

१. मेन बंद केल्यावर टेस्टर लावून वीज नाही याची खात्री केली का?

२. येणारी वायर आणि हीटरकडे जाणारी वायर योग्य टर्मिनलवर आहे का? थर्मोस्टॅटच्या मागे चित्र असतं, त्याच्याशी ताडून पाहा. अर्थिंगची वायर थर्मोस्टॅटमधून न जाता थेट सॉकेटला गेली पाहिजे.

३. स्क्रू घट्ट आवळले का? १० अँपिअरच्या भाराला ढिला स्क्रू म्हणजे हमखास तापणारी जागा.

४. भिंतीतल्या बॉक्समध्ये येणाऱ्या पाइपाचं तोंड बुजवलं का? हे जवळजवळ कोणीच करत नाही. पाइपातून बाहेरची गार हवा बॉक्समध्ये येते, ती आतल्या सेन्सरला लागते, खोली २१ अंशांवर असताना पडद्यावर १८ दिसतं आणि हीटर थांबतच नाही. पाइपाच्या तोंडाशी थोडी पुट्टी लावली की काम होतं.

या थर्मोस्टॅटचा आकार बहुधा ८६ मिमी चौकोनी असतो आणि तो आपल्या नेहमीच्या मॉड्युलर बॉक्सवर नीट बसत नाही. त्याच मापाचा बॉक्स सोबत मागवा, नाहीतर वायरमन परत जाईल.

तपासा: हीटर अर्धा तास चालवा. मग प्लग, सॉकेट आणि थर्मोस्टॅटची कड यांना हात लावून पाहा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल किंवा वास येत असेल तर लगेच मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

## टप्पा ५: मूळ सेटिंग्ज

आता पडदा हातात घ्या, पण प्रोग्रॅम अजून नाही.

घड्याळ आणि वार. घड्याळ बहुधा २४ तासांचं असतं. सकाळचे आठ आणि रात्रीचे वीस यांत गल्लत करू नका. वारांचे आकडे असतात, आणि बहुतेक मॉडेलमध्ये १ म्हणजे सोमवार. आपण रविवारपासून आठवडा मोजायला गेलो की सगळं वेळापत्रक एका दिवसाने सरकतं.

हीटरचा स्वतःचा नॉब. तेलाच्या हीटरलाही आत थर्मोस्टॅट असतो. त्याचा नॉब मध्यावर ठेवला तर भिंतीवरचा म्हणतो चालू, हीटर म्हणतो बंद, आणि खोली १८ च्या वर जात नाही. हीटरचा नॉब पूर्ण उजवीकडे, सर्वात वर ठेवा. खोलीचं तापमान आता भिंतीवरचा थर्मोस्टॅट सांभाळेल. जास्त तापल्यावर वीज तोडणारी हीटरची सुरक्षा वेगळी असते, ती नॉब वर केल्याने बंद होत नाही.

सेन्सरची निवड. बऱ्याच मॉडेलमध्ये आतला, बाहेरचा किंवा दोन्ही, असे पर्याय असतात. बाहेरचा सेन्सर जोडला असेल तर सेटिंग बदलून बाहेरचा निवडा. नाहीतर वायर जोडलेली असूनही मोजणी आतूनच होत राहते. उलट, बाहेरचा निवडला आणि तो जोडलेलाच नाही, तर पडद्यावर चूक दिसते आणि हीटर सुरू होत नाही.

तापमानाचा पट्टा. हीटर कोणत्या फरकाने पुन्हा सुरू व्हायचा, ते हे सेटिंग ठरवतं. १ अंश ठेवा. २० लावलं असेल तर साधारण १९ ला चालू आणि २० ला बंद. अर्धा अंश केलं तर रिले सारखा टकटक करतो, झोपमोड होते आणि रिले लवकर झिजतो. फायदा मात्र काही नाही, कारण तेलाचा हीटर बंद झाल्यावरही बराच वेळ उष्णता देत राहतो.

मोजणीचा मेळ. साधा डिजिटल खोली-थर्मामीटर घ्या, तापाचा नाही. तो उशाशी, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर ठेवा आणि हीटर तासभर चालवल्यावर दोन्ही आकडे पाहा. हीटर चालू असतानाच पाहायचं आहे. १६ अँपिअरचा रिले वीज वाहून नेताना थोडा तापतो, आणि आतला सेन्सर त्याची ऊब धरून एखादा अंश जास्त दाखवतो. बाहेरचा सेन्सर मला पसंत आहे तो याचसाठी. दोन आकड्यांत जो फरक येईल तेवढा तापमान-दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरा. भिंतीवर २१ आणि उशाशी १९ असेल, तर उणे २.

सावधान: ही दुरुस्ती एकदाच, शांतपणे करा. रोज थंडी वाटली म्हणून ती बदलत राहिलात तर पडद्यावरच्या आकड्याला काही अर्थच उरणार नाही.

## टप्पा ६: प्रोग्रॅमशिवाय दोन रात्री

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. पण खोली किती वेळात तापते आणि किती वेळ ऊब धरते, हे कळल्याशिवाय वेळापत्रकाच्या वेळा ठरवायच्या कशावरून?

आधी खोलीच्या फटी पाहा. नाशकातल्या बहुतेक फ्लॅटना सरकत्या खिडक्या आहेत, आणि त्यांच्या खालच्या पट्टीतून वारा येतो. अगरबत्तीचा धूर फटीशी धरला की लगेच कळतं. ब्रशची पट्टी, दाराखाली जाड पट्टी आणि जाड पडदा एवढं केलं की हीटरचं काम बरंच हलकं होतं. एक्झॉस्टचा पंखा थेट झोपायच्या खोलीत असेल तर त्याची जाळी रात्री झाका.

सावधान: फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतून उठत नाही. विजेच्या हीटरने हा धोका नसतो, पण फटी फक्त त्याच्यासाठी बुजवल्या आहेत हे विसरू नका.

पहिल्या रात्री थर्मोस्टॅट हाताने चालवायच्या स्थितीत ठेवा आणि २० लावा. पडद्यावर हाताचं चिन्ह दिसेल. हीटर सुरू केल्याची वेळ, सुरुवातीचं तापमान आणि २० गाठल्याची वेळ कागदावर लिहा. मग हीटर बंद केल्यावर तासाभराने किती अंश उतरलं तेही लिहा.

दुसऱ्या रात्री हीटर लावूच नका. झोपताना आणि पहाटे सहाला तापमान लिहा. बाहेर ९-१० अंश असताना मधल्या मजल्यावरचा बंद फ्लॅट १७-१८ वर राहू शकतो. गच्चीखालची खोली किंवा शहराबाहेरचं रो हाउस त्याहून खाली जातं. तुमच्या खोलीत पहाटेही १९ असेल, तर हीटर रात्रभर चालवायची गरजच नाही, एक चांगली रजई पुरेल. हेही या दोन रात्रींतच कळतं.

## टप्पा ७: वेळापत्रक

आता प्रोग्रॅम. इथे चार गोष्टी चुकतात, आणि चारही समजुतीच्या आहेत.

एक: नोंदीत सुरुवात असते, शेवट नसतो. प्रत्येक कालखंडात एक वेळ आणि एक तापमान भरायचं असतं. ते तापमान पुढच्या कालखंडाच्या वेळेपर्यंत चालू राहतं. ‘५ ते ७:३०’ असं कुठे लिहिता येत नाही. पाचला २० लावलं आणि साडेसातला कमी आकड्याची नोंद केली नाही, तर २० दिवसभर चालेल. बंद करण्याची वेगळी नोंद नसते, कमी तापमानाची नोंद हेच बंद करणं. नाशकात दुपारी खोली १२ पर्यंत उतरत नाही, म्हणून १२ लावलं की हीटर दिवसा सुरू होत नाही.

दोन: शेवटची नोंद मध्यरात्र ओलांडते. रात्री साडेदहाची नोंद दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या नोंदीपर्यंत चालते. मध्यरात्रीनंतर वार बदलतो, पण तापमान तेच राहतं. शुक्रवारच्या रात्रीचं तापमान शनिवारच्या पहिल्या नोंदीपर्यंत जातं. शनिवारची पहिली नोंद उशिराची असेल, तर पहाट शुक्रवारच्या आकड्यावरच निघते. ‘शनिवारी बिघडतं’ ते हे.

तीन: रिकामे कालखंड रिकामे नसतात. सहा कालखंड असतील आणि तुम्ही चारच बदलले, तर उरलेल्या दोनांत कारखान्यातून भरलेल्या वेळा आणि तापमानं तशीच असतात. भर दुपारी हीटर सुरू होतो तो यामुळे. सहाही भरा, आणि वेळा चढत्या क्रमाने भरा.

चार: हीटर लवकर सुरू करायचा, ठरलेल्या वेळी नाही. तेल तापायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. टप्पा ६ मधला तुमचा कागद काढा. १७ वरून २० व्हायला पाऊण तास लागत असेल आणि आजोबा साडेपाचला उठत असतील, तर नोंद पावणेपाचची. तसंच बंद करणं अर्धा तास आधी, कारण हीटर बंद झाल्यावरही खोली लगेच गार होत नाही.

ज्येष्ठांच्या खोलीसाठी मी असं वेळापत्रक सुरुवातीला लावतो:

- ०४:४५ ला २०. जानेवारीत नाशकात सूर्य सातनंतर उगवतो, आणि सूर्योदयाच्या आसपासच सर्वाधिक थंडी असते.
- ०७:३० ला १२. माणसं उठून उन्हात किंवा स्वयंपाकघरात गेलेली असतात.
- १२:०० ला १२. ही नुसती जागा भरण्यासाठी.
- १६:०० ला १२. हीसुद्धा.
- २०:३० ला २०. झोपण्याआधी भिंती आणि गादी थोडी तापू द्यायची.
- २२:३० ला १८. रात्रभर हेच.

१८ हा आकडा उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या काळात घरातलं किमान तापमान म्हणून १८ अंश सुचवले आहेत, आणि वृद्ध, लहान मुलं व आजारी माणसांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलं आहे. म्हणून ज्येष्ठांच्या खोलीत रात्री १८ च्या खाली जाऊ नका. दणकट तरुण माणसाच्या खोलीत १६ चालेल. २३-२४ मात्र कोणालाच लागत नाही. घसा कोरडा पडतो, आणि पहाटे बाथरूममध्ये जाताना गारठा जास्तच लागतो.

आता गीझर. हीटरचं काम पावणेपाच ते साडेपाच या वेळात सगळ्यात जड असतं, नंतर तो मधूनमधूनच चालतो. त्यामुळे गीझर साडेपाचनंतर लावा. वर काढलेला ४ किलोवॉटचा प्रश्न इथे बराच सुटतो.

आठवड्याच्या रचनेत ५+२ (पाच दिवस एक वेळापत्रक, दोन दिवस दुसरं), ६+१ आणि सातही दिवस वेगळे असे पर्याय येतात. सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांच्या घरी सुट्टी रविवारीच असेल असं नाही, आणि ५+२ मध्ये शनिवार-रविवार गृहीत धरलेले असतात. पाळी बदलत असेल तर सात दिवसांचा पर्याय घ्या. भरायला वेळ लागतो, पण मग रोज हाताने बदलावं लागत नाही.

तपासा: घड्याळ पुढे करून प्रोग्रॅमची परीक्षा घ्या. ०४:४४ वर नेऊन एक मिनिट थांबा. पडद्यावर २० येतंय का? मग ०७:२९, मग २२:२९. तीनही बरोबर आले की घड्याळ पुन्हा खऱ्या वेळेवर आणा. हे शेवटचं विसरू नका.

## टप्पा ८: आठवडाभर बारीक फेरफार

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन रात्री जाऊ द्या. नाशकात थंडीची लाट दोन दिवसांत येते आणि जाते. एका गार रात्रीवरून ठरवलं तर पुढच्या आठवड्यात घाम फुटेल.

पहाटे उठताना गार वाटत असेल तर आकडा वाढवू नका, वेळ पंधरा मिनिटं आधी घ्या. पहाटे ठीक पण रात्री दोनला गार वाटत असेल, तर रात्रीचा आकडा १८ वरून १९ करा. हीटर थांबतच नसेल तर आधी पडद्यावरचं आणि उशाजवळचं तापमान ताडून पाहा. फरक असेल तर टप्पा ५, फरक नसेल तर खिडकीच्या फटी. दोन्ही ठीक असतील तर खोलीच्या मानाने हीटर लहान आहे, आणि तो दोष कोणत्याही सेटिंगने जात नाही.

‘प्रोग्रॅम चालत नाही’ या तक्रारीत मी पहिल्यांदा पडद्यावर हाताचं चिन्ह आहे का ते पाहतो. कोणीतरी वरचा बाण दाबलेला असतो. काही मॉडेलमध्ये तो बदल पुढच्या नोंदीपर्यंतच टिकतो, काहींमध्ये थर्मोस्टॅट कायमचा हातावर जातो. तुमचा कोणता आहे ते एकदा दाबून पाहा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. नातवंडं घरात असतील तर बटणांचं कुलूप लावा, बहुतेक मॉडेलमध्ये ते असतं.

## टप्पा ९: वीज जाऊन आल्यावर

मेन बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. तीन गोष्टी पाहा: घड्याळ बरोबर आहे का, प्रोग्रॅम तसाच आहे का, आणि थर्मोस्टॅट स्वतःहून चालू झाला का. प्रोग्रॅम सहसा टिकतो. घड्याळ मात्र आतल्या छोट्या बॅटरीवर असतं, आणि ती संपलेली असेल तर मध्यरात्रीचे बारा दाखवत नव्याने सुरू होतं. मग पहाटेची नोंद भलत्याच वेळी लागते. वीज आल्यावर बंद राहायचं की आधीच्या स्थितीत यायचं, याचंही एक सेटिंग असतं. ते ‘आधीची स्थिती’वर ठेवा.

इन्व्हर्टरच्या लाइनवर हीटर येत नाही ना, हेही याच वेळी पाहा. वीज गेल्यावर थर्मोस्टॅटचा पडदा उजळलेलाच राहिला, तर वायरमनने लाइन चुकीच्या बाजूला घेतली आहे. ती त्याच दिवशी बदलून घ्या.

## हंगाम संपताना

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहाटेचं तापमान सलग काही दिवस १९ च्या वर राहिलं, की थर्मोस्टॅट बंद करा आणि हीटरचा प्लगही काढा. नुसता आकडा कमी करून ठेवू नका. प्रोग्रॅम आतच राहतो. पुढच्या नोव्हेंबरात हीटरवरची धूळ पुसा, वायरची लवचिकता आणि प्लगच्या पिनांवर काळे डाग आहेत का ते पाहा, घड्याळ लावा आणि टप्पा ४ मधली अर्ध्या तासाची तपासणी पुन्हा करून मगच पहिली रात्र हीटर वापरा.